किटलीचा दांडा आणि एक लाख ब्याऐंशी हजार मेल

किटल्यांच्या कंपनीत तिला सगळे टपालताई म्हणायचे. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा दीड ओळ लांब होता, पण तो पुरता वाचायला तिच्यासकट कुणालाच कधी सवड झाली नव्हती. काम असं होतं: विजेवरची किटली कुणी मागवली की त्याला आपोआप एक मेल जायचा, किटली निघाली की दुसरा, पोचली की तिसरा, आणि वर्ष झालं की आतला पांढरा थर कसा काढायचा ते सांगणारा चौथा. हे मेल यंत्र पाठवायचं. पण यंत्राने पाठवलेला मेल माणसाच्या नजरेला पडतो की नाही, हे बघायला माणूसच लागतं, आणि ते माणूस म्हणजे टपालताई.

"बोलावणं धाडायला काय लागतं," ती म्हणायची, "पाहुणा ताटावर बसला तर खरं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या मेलपेट्या चार-पाच मोठ्या मेलकंपन्यांकडे असतात आणि त्या प्रत्येक कंपनीच्या दारात पहारा असतो. कोण रोज किती मेल पाठवतो, कुणाचे मेल लोक उघडतात, कुणाचे न वाचता फेकतात, याची तिथं बारीक नोंद असते. नाव चांगलं असलं तर मेल सरळ आत जातो. नाव खराब असलं तर स्पॅममध्ये पडतो, आणि फारच खराब असलं तर दार बंद. शिवाय रोज दोन हजार मेल पाठवणारा एखादा पत्ता एके दिवशी लाखभर मेल घेऊन दारात उभा राहिला, तर पहारेकऱ्याला पहिला संशय चोराचाच येतो.

कंपनीचे असे दोन पत्ते होते. एक जाहिरातसाहेबांचा. त्यांना मागून सगळे ‘नगारा’ म्हणायचे, कारण वाजल्याशिवाय त्यांना करमत नसे. ‘किटली तुमची वाट बघतेय’, ‘किटली अजूनही वाट बघतेय’, ‘किटली रुसली’, असे दिवसाला तीन-तीन मेल ते सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवत, बारा वर्षांपूर्वी एकदाच आलेल्यांनासुद्धा. लोकांची अवस्था ‘भीक नको पण कुत्रा आवर’ अशी झाली होती. त्या पत्त्याचं नाव आता कुठल्याच दारात घेण्यासारखं राहिलं नव्हतं. दुसरा पत्ता पावत्यांचा आणि हमीपत्रांचा. तो टपालताईने डोळ्यांत तेल घालून जपला होता. नगाऱ्याने तो तीनदा मागितला होता आणि तिने तीनदा सांगितलं होतं, "साहेब, माझा चष्मा मागा, देईन."

पत्ता रोज तपासायला तिने सगळं घरदार कामाला लावलं होतं. अकरा नातेवाईक, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेलपेट्या असलेले. सकाळी नऊला यंत्र त्यांना एकेक मेल पाठवायचं आणि त्यांनी फोनवर कळवायचं, मेल समोर आला की स्पॅममध्ये पडला. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे त्याचा निरोप नेमका असायचा: "आला. वरून तिसरा." दीर एक दिवसाआड विसरायचे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या प्रत्येक मेल ‘प्रिय’पासून तळच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या. "आज पत्त्यात एक स्वल्पविराम जास्त आहे गं," असं त्यांनी एकदा सांगितलं, तर खरोखरच होता. स्पॅमला त्या ‘अडगळ’ म्हणायच्या, आणि आता सगळं घर तसंच म्हणायचं.

अकरांपैकी एकच गाडं अडलं होतं. थोरली नणंद. त्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहायच्या, ग्रंथपाल होत्या, आणि शिस्तीच्या एवढ्या की घरातली पुस्तकंसुद्धा स्वतःच्या नावावर नोंदवून वाचायच्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा पन्नासावा वाढदिवस झाला. टपालताईने हौसेने यंत्रालाच शुभेच्छांचा मेल लावून ठेवला, आणि नाव भरायची जागा भरायला विसरली. नणंदेला मेल गेला: ‘प्रिय ग्राहक, आज आपला वाढदिवस.’

नणंद त्यावर एवढंच बोलल्या, "मी ग्राहक का." त्यानंतर आठ महिने भावजयीशी एक अक्षर नाही. रोजचा तपासणीचा मेल आला की त्या ‘स्पॅम’चं बटण दाबायच्या. रोज, सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी. पुढे मेलपेटीच त्यांचा इशारा समजली आणि भावजयीच्या कंपनीचं काहीही आलं की परस्पर अडगळीत टाकू लागली.

असं सगळं चाललेलं असताना एका बुधवारी सव्वानऊला कारखान्याचे थोरले मिस्त्री कचेरीत आले. त्यांच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्या हातात तिचा दांडा.

"हा असा निघाला," ते म्हणाले. "माझ्या घरी. भरलेली होती."

"भाजलं का कुठं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही. चप्पल भिजली. म्हणून मग रात्री साठ्यातल्या चाळीस काढून बघितल्या. सहा सैल निघाल्या. या वर्षी स्क्रू बदलला ना आपण, तो आखूड पडतोय."

मालकीणबाई साठीच्या होत्या, बोलायला कमी आणि ऐकायला पक्क्या. त्यांनी दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नव्या स्क्रूच्या किती गेल्या?"

"एक लाख ब्याऐंशी हजार."

 मग एकदम सगळे बोलायला लागले. फोनवर बसणाऱ्या मुली आठ, एकेकीचे दिवसाला फार तर शंभर फोन. हिशेबनीसांनी तोंडीच सांगितलं, साडेसात महिने लागतील. वर्तमानपत्रात जाहिरात उद्या येईल, आणि आज दुपारी चहाला किटली उचलणाऱ्याला ती म्हणजे वरातीमागून घोडं. 

"मेल," मालकीणबाई म्हणाल्या. "आज. सगळ्यांना."

नगारा उठून उभा राहिला. "मी पाठवतो. दहा मिनिटांत जातील."

"जातील," टपालताई म्हणाली, "आणि सगळे अडगळीत पडतील. साहेब, रागावू नका. पण रोज तीनदा ‘लांडगा आला’ म्हणून ओरडलात, आज खरा आलाय. तुमच्या पत्त्यावरचं कोण वाचणार?"

नगाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मालकीणबाई टपालताईकडे वळल्या. "मग तुमच्या पत्त्यावरून?"

"माझा पत्ता रोजच्या दोन हजारांचा. एकदम सोडले तर पहारेकरी घाबरतील आणि दार लावून घेतील. थोडे-थोडे वाढवत न्यावे लागतील. आधी जे आपले मेल नेमाने उघडतात त्यांना, मग बाकीच्यांना."

"संध्याकाळपर्यंत होईल?"

टपालताईने आयुष्यात पहिल्यांदाच आकडेमोड न करता उत्तर दिलं. "होईल," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

मजकूर नगाऱ्याने लिहायला घेतला. सुरुवात होती, ‘प्रिय किटलीप्रेमी, प्रत्येक नात्यात एक वळण येतं.’ मालकीणबाईंनी तो कागद शांतपणे दुमडून पर्समध्ये ठेवला आणि स्वतः तोंडी सांगितलं. चार वाक्यं झाली. तुमच्या किटलीचा दांडा सैल होऊन निघू शकतो. आजपासून ती वापरू नका. नवी किटली आम्ही आमच्या खर्चाने घरपोच देऊ. चौथं वाक्य टपालताईचं होतं: हे वाचलंत हे आम्हाला कळावं म्हणून एकच शब्द उलट पाठवा, ‘मिळालं’.

"उलट कशाला?" हिशेबनीस म्हणाले.

"एक तर कुणी वाचलं ते कळेल. आणि दुसरं, माणसं उत्तर देतात असे मेल चोराचे नसतात, हे पहारेकऱ्यालाही कळतं."

साडेदहाला पहिले पाचशे सुटले, आणि त्यांच्याबरोबर अकरा नातेवाईकांना एकेक. टपालताईचा फोन वाजायला लागला. "आला," दीर म्हणाले, आणि आठवण ठेवल्याबद्दल कुणी शाबासकी देईल म्हणून जरा थांबले. धाकटी जाऊ म्हणाली, "आला, पण काय भयंकर लिहिलंय गं." नवऱ्याचा निरोप आला: "आला. सगळ्यात वर." पाठोपाठ सासूबाई.

"मला आला. मिळालं म्हणून पाठवलंसुद्धा. तुमच्या पत्त्यात स्वल्पविराम बरोबर आहेत. पण काय गं, थोरलीला दिलेली किटली यातलीच का?"

 ती किटली टपालताईनेच दिली होती, पन्नासाव्या वाढदिवसाला, मेलच्या आदल्या दिवशी. बुधवारी ग्रंथालय बंद असतं. नणंद घरी असणार, आणि पावणेअकरा ही त्यांची चहाची वेळ. मेल अडगळीत. तिने कचेरीतल्या दुसऱ्या फोनवरून नणंदेला लावला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"आई, ताई माझा फोन घेत नाहीत."

"माझा घेईल."

"तुमचा फोन तर माझ्यातच गुंतलाय."

"मग मी जातेच," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच निघाल्या. पुढची सहा मिनिटं टपालताईने कानाला सासूबाईंची पिशवी लावून काढली. पिशवीत किल्ल्या वाजत होत्या, सासूबाई धापा टाकत होत्या, मधे कुणीतरी "एवढ्या घाईत कुठं?" विचारत होतं आणि त्या "किटली" एवढंच सांगून पुढे जात होत्या. एका हाताने टपालताईने तेवढ्यात दोन हजारांची पुढची खेप सोडली, कारण थांबून चालणार नव्हतं. मग दाराची घंटा ऐकू आली. मग नणंदेचा आवाज: "आई, तू अशी धावत? बस, चहाच करतेय."

"हात लावू नकोस तिला."

"कुणाला?"

त्यानंतर खडखडाट झाला आणि काहीतरी ओट्यावर आदळलं. टपालताईने डोळे मिटून घेतले. फोनवरच्या आठही मुली तिच्याभोवती येऊन उभ्या होत्या.

"ऐकतेयस का गं," सासूबाई एकदाच्या म्हणाल्या. "किटली ओट्यावर आहे. दांडा माझ्या हातात आहे."

"भाजलं?"

"पाणी नुकतंच भरलं होतं. थंडगार. माझी बाही भिजलीय तेवढी. घे, ही बोलतेय."

फोनवर नणंदेचा श्वास आला, आणि त्यापाठोपाठ ग्रंथालयात बोलतात तसा हळू आवाज. "वहिनी."

"वन्सं," टपालताई म्हणाली. ती एरवी ‘ताई’ म्हणायची, फार काम असलं किंवा फार प्रेम आलं तरच ‘वन्सं’. या वेळी दोन्ही होतं. "वन्सं, तेवढं अडगळीतून मला बाहेर काढा हो."

"काढते," नणंद म्हणाल्या. मेल उघडून म्हणाल्या, "यात ‘प्रिय’ लिहिलेलंच नाहीय."

"घाईत राहिलं."

"ग्राहकपेक्षा बरं," नणंद म्हणाल्या, आणि पलीकडे सासूबाई आधी हसल्या, मग नणंद हसल्या, मग टपालताईला हसू आलं ते काही केल्या आवरेना. आठ मुलींना काय झालं ते नीट कळलंही नव्हतं, पण त्याही हसायला लागल्या. मिनिटभराने पडद्यावर एक ओळ आली: ‘मिळालं. थोरली.’

तिथून गाडी पळायला लागली. पाच हजार गेले. बारा हजार गेले. परत आलेले मेल नगण्य होते, आणि उत्तरं शंभरांनी येत होती. टपालताईला असं वाटत होतं की आपल्या पायाखाली जमीन नसून एखादा उतार आहे आणि आपण सायकलच्या पेडलवरून पाय वर घेतले आहेत. आणि नेमकं तेव्हाच, बारा वाजून दहा मिनिटांनी, सगळ्यात मोठ्या मेलकंपनीने दार लावून घेतलं. पडद्यावर एकाखाली एक तीच ओळ येऊ लागली: ‘या पत्त्यावरून फार मेल येत आहेत. नंतर प्रयत्न करा.’ निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं त्या एका दारामागे होती.

"फार कसे?" ती पुटपुटली. "या दाराला तर मी नऊच हजार पाठवलेत." तिने नोंद उघडली. नोंदीत वीस हजार होते. अकरा हजार जास्तीचे कुठून आले ते बघायला ती खाली-खाली जात राहिली आणि तिच्या भुवया वर-वर जात राहिल्या. सगळेच्या सगळे अकरा हजार एकाच माणसाला गेले होते. तो दातांचा डॉक्टर होता.

झालं होतं ते असं. डॉक्टर सुट्टीवर होते आणि त्यांनी आपल्या मेलपेटीला आपोआप उत्तर लावून ठेवलं होतं: ‘मी सुट्टीवर आहे, सोमवारी भेटू.’ इकडे नगाऱ्याने कधीतरी, कुणालाही न सांगता, पावत्यांच्या पत्त्यालाही आपोआप उत्तर लावलं होतं: ‘आपल्या पत्राबद्दल आभार. या पत्त्यावरची पत्रं कुणी वाचत नाही.’ डॉक्टरांच्या यंत्राने सांगितलं, मी सुट्टीवर आहे. कंपनीच्या यंत्राने सांगितलं, आभार, कुणी वाचत नाही. त्यांच्या यंत्राने पुन्हा सांगितलं, सुट्टीवर आहे. दीड तास दोघं एकमेकांशी अत्यंत अदबीने बोलत होती, आणि दोघांपैकी एकालाही पुढाकार घेऊन गप्प बसावंसं वाटलं नव्हतं.

"साहेब," टपालताईने हाक मारली. "हे तुम्ही लावलंत?"

नगारा आला, वाचू लागला, आणि कानांपर्यंत लाल झाला. "लोकांना उत्तर मिळावं म्हणून," तो म्हणाला.

"मिळालं की. अकरा हजार वेळा."

ती रागावणार होती. राग घशापर्यंत आलाही होता. पण पडद्यावर त्याच क्षणी आणखी एक ‘मी सुट्टीवर आहे’ येऊन पडलं, आणि रागाच्या जागी बाहेर पडलं ते फिसकन हसू. नगारा बिचकला, मग त्यालाही फुटलं, आणि दोघं टेबलाला धरून हसत उभे राहिले. मालकीणबाई बघत राहिल्या. मिस्त्री दांडा घेऊनच आत आले आणि काही न विचारता परत गेले. डोळे पुसत टपालताईने ते उत्तर बंद केलं. (डॉक्टर सोमवारी परतले तेव्हा त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं, ते इथंच सांगून टाकलेलं बरं: ‘आपली सर्व पत्रं मिळाली. त्यातल्या पहिल्याबद्दल आभार.’)

पण दार बंदच होतं. टपालताईने त्या मेलकंपनीच्या कचेरीला लिहिलं: काय घडलं, चूक कुणाची, ती कशी सुधारली, आणि आज आमचं गप्प बसणं लोकांना भाजणारं का आहे. खाली कंपनीचा हुद्दा न लिहिता आपलं नाव लिहिलं. मग ती वाट बघत बसली. वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तेवढ्या वेळात तिने बाकीच्या दारांतले पन्नास हजार मेल मार्गी लावले. मोठ्या दारात मात्र दर पाच मिनिटांनी शंभरच मेल, अगदी हलक्या हाताने. आजारी माणसाला चमच्याने पाणी पाजावं तसं. काही आत गेले, काही परत आले. परत आलेले तिने पुन्हा रांगेत लावले.

आणि उत्तरं येत राहिली. ती कुणी वाचत नाही असं आता म्हणता येणार नव्हतं, म्हणून मालकीणबाईंनी सगळ्यांना वाचायला बसवलं. आठ मुली, हिशेबनीस, मिस्त्री, नगारा. प्रत्येकासमोर एक पडदा. एकच शब्द पाठवा असं सांगितलं होतं, पण एका शब्दावर भागवणारी माणसं कमीच निघाली.

"‘मिळालं’," एक मुलगी वाचायची. "‘किटली कपाटावर ठेवली. आमच्या ह्यांचा हात पोचत नाही तिथे.’"

"‘मिळालं. पण मला ती आवडते. दांडा बदलून हीच परत द्याल का?’"

"‘मिळालं, मिळालं, मिळालं. तीन किटल्या आहेत.’"

हिशेबनीस, जे वर्षानुवर्षं बेरजेशिवाय काही मोठ्याने वाचत नसत, ते खाकरून उभे राहिले. "‘मिळालं. गेली चार वर्षं तुमचे मेल येतात, पण तुम्ही खरे आहात हे आज कळलं. कसे आहात?’" आणि खाली बसत त्यांनी विचारलं, "याला काय कळवायचं?"

"बरे आहोत म्हणून कळवा," मालकीणबाई म्हणाल्या.

नगाराही वाचत होता. दहा वर्षांत त्याने लोकांना कोट्यवधी मेल पाठवले होते, आणि लोकांचा एकही वाचला नव्हता. मधेच तो म्हणाला, "ही बाई म्हणते, ‘मिळालं. ‘किटली रुसली’ यापेक्षा हे बरं लिहिलंय.’" कुणीतरी हसणार एवढ्यात तोच म्हणाला, "बरोबर आहे तिचं," आणि पुढचं वाचायला लागला.

दोनला दहा कमी असताना मोठ्या दाराच्या कचेरीतून उत्तर आलं. खाली माणसाचं नाव होतं. त्याने लिहिलं होतं, की आम्ही तुमचे मेल बघितले. ज्यांना ते पोचले त्यांच्यातल्या दर तीन माणसांमागे एकाने उत्तर दिलंय. कंपन्यांच्या मेलना असं होत नाही. दार उघडलं आहे, पण बेताने घ्या.

टपालताईने ते दोनदा वाचलं. मग ती उठली, खुर्चीभोवती एक चक्कर मारली, पुन्हा बसली आणि वीस हजारांची खेप लावली. सगळे जण तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर आकडा हलला. दोनशे. नऊशे. चार हजार. कुठलीही ओळ परत आली नाही. आकडा असा वाहत होता की त्याच्याकडे बघून पापणी लवावीशी वाटेना. बेताने घ्यायचं म्हणून तिने वीस मिनिटं थांबून पुढची लावली, आणि ती वीस मिनिटं कचेरीतल्या कुणालाच खुर्चीत बसवेना. मिस्त्रींनी उगाच खिडकी उघडली, बंद केली, उघडली. आठांपैकी सगळ्यात शिष्ट मुलगी टेबलावर चढून बसली आणि पाय हलवायला लागली. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या टेबलाला आपणही टेकल्या.

चार वाजता एक लाख झाले. पाचला दीड लाख. प्रत्येक खेपेला अकरा फोन येत होते, कारण नातेवाईकांना थांबायला सांगायचं टपालताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिरांनी एकही चुकवला नाही. नणंद आता आईच्याच घरी येऊन बसल्या होत्या आणि दोघी मिळून एकाच फोनवर बोलत होत्या. "आईला आला, मला आला, शेजारणीलाही आला, तिच्याकडे किटली नाही पण तिने मुद्दाम मागितला."

पावणेसहाला शेवटची खेप गेली. एक लाख ब्याऐंशी हजारांतले एक लाख सत्त्याहत्तर हजार पोचले. उरलेल्या पाच हजारांचे पत्ते मेले होते, ते आठ मुलींनी आपसांत वाटून घेतले. उद्यापासून त्यांना फोन, आणि फोन नाही लागला तर टपालपेटीत साधं पत्र. सात दिवसांत ते सगळे सापडले, एक वगळता, आणि तो एक मिस्त्रींच्या चुलत्याचा शेजारी निघाला. कुणालाही भाजलं नाही. आखूड स्क्रू मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने वितळवायला दिले.

एवढं झाल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "टपालताई, तुम्हाला काय हवं?"

तिला बसायला खिडकी हवी होती, हाताखाली आणखी एक माणूस हवा होता, नवं यंत्र हवं होतं. सगळी यादी तोंडपाठ होती. पण त्या वेळी तिला त्यातलं काहीच आठवेना. तिचा आवाज बसला होता आणि गालांची हाडं हसून दुखत होती.

"उद्या सांगते," ती म्हणाली. तिने दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं, आणि त्या वेळी नगाऱ्याने आपणहून मधे बोलून मागण्यांत एक भर घातली: यापुढे जाहिरातीचा मेल महिन्याला एकच, आणि तोसुद्धा आधी टपालताईने वाचायचा.

कचेरीबाहेर तिचा नवरा उभा होता. रोज तो येत नसे, पण आज सकाळपासून त्याला सतरा मेल आले होते आणि घरी थांबवेना. त्याने तिची पिशवी घेतली. ती बोलायला लागली. बसलेल्या आवाजात, हातवारे करत, डॉक्टर आधी आणि दांडा नंतर, मधेच सासूबाईंची धाप, मधेच हिशेबनीस. तो विचारायचा, "पण तेव्हा दार उघडं होतं की बंद?" आणि ती म्हणायची, "थांब ना, तिथंच येतेय," आणि भलतीकडेच जायची. चांगलं लख्ख ऊन होतं. दुकानांपुढून लोक पिशव्या घेऊन चालले होते आणि तिला त्या प्रत्येकाला थांबवून विचारावंसं वाटत होतं, तुमच्याकडे कुठली किटली आहे. एका खांबापाशी तिला हसण्यापायी उचकी लागली. नवऱ्याने पाठीवर थोपटलं, तर उचकी वाढली. मग त्यालाही हसू यायला लागलं, कशाला ते न कळता.

"मग त्या माणसाला कळवलं का शेवटी, तुम्ही बरे आहात म्हणून?" त्याने विचारलं.

"हिशेबनीसांनी पान भरून लिहिलंय. त्यांच्या गुडघ्यासकट."

ती पुढची गोष्ट सांगायला लागली, आणि सांगता-सांगता एकदम थांबून आजूबाजूला बघू लागली. समोर बसचा डेपो होता. म्हणजे त्यांचं घर मागे, चांगल्या चार गल्ल्या मागे राहिलं होतं. भूगोलाच्या मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सूर्य कुठे आहे ते पाहिलं.

"वळायचं का?" त्याने विचारलं.

"डेपोला वळसा घालून जाऊ," ती म्हणाली. "अजून मालकीणबाई टेबलावर बसल्या ते सांगायचंय."